एका टिंबाची किंमत

आमच्या गावाचं नाव लिहायला एक टिंब लागतं. ते गाळलं की 'आंजी'ची 'आजी' होते. आणि पुढे कंसात 'मोठी' असल्यामुळे वर्धा-आर्वी रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी थोरल्या आजीचं घर आलं :-)

हसू नका मंडळी, हा पराक्रम मीच केलाय. गणपतीच्या सुट्टीत पुण्याहून घरी गेलो, तर मंडळाच्या पोरांनी धरलं. "तू त इंजिनिअर आहे ना बे, मंग कमानीवरचा बोर्ड बनवून दे." म्हटलं, त्यात काय! बनवला. रात्री दिवे लागल्यावर शेजारचे काका म्हणाले, "काऊन बाबू, कोणाची आजी बसवली कमानीवर?"

झालं असं की मी बाजारात सहज मिळणारं 'पी-टेन' पॅनल घेतलं. आडवे ३२ आणि उभे १६, एकूण ५१२ दिवे. रंग एकच, दिवा चालू किंवा बंद, म्हणून एका दिव्याला एक बिट. अख्खं चित्र ६४ बाइटमध्ये मावतं. तेवढेच दिवे पूर्ण रंगीत घेतले असते तर प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे १५३६ बाइट. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये रॅमच २०४८ बाइट! नुसतं चित्र ठेवण्यात पाऊण घर भरलं.

वर भानगड अशी की पॅनलवरचे दिवे सगळे एका वेळी पेटत नाहीत. एका क्षणी पाव भागच पेटतो, आणि असे चार भाग इतक्या भराभर आळीपाळीने लागतात की डोळा फसतो. ते फिरवायचं कामही त्याच चिपचं. ती अक्षरं जुळवण्यात गुंतली की फलक लुकलुकायला लागतो.

म्हणून मी काटकसर केली. एका पॅनलवर दोन ओळी, प्रत्येकीला ८ रांगा. रोमन अक्षर ५ बाय ७ मध्ये सुखाने बसतं. आपल्या अक्षराला शिरोरेषा हवी, तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, आणि खाली उकार. जागा पुरेना, तेव्हा अनुस्वार आणि शिरोरेषा यांच्यामधली मोकळी रांग मी खाल्ली. लॅपटॉपवर छान दिसत होतं. रात्री लांबून पाहिलं तर टिंब शिरोरेषेच्या उजेडात विरघळलेलं. वेलांटीची कमान दोन-तीन दिव्यांची, ती कशीबशी तगली. अनुस्वार बिचारा एकट्या दिव्याचा.

यंत्राला परवडत नाही म्हणून अक्षराला कात्री लावायची, ही युक्ती काही माझी नव्हे. तिचा एक मोठा प्रयोग आमच्याच जिल्ह्यात झालाय. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काका कालेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता छापखान्याचा आणि टाइपरायटरचा. देवनागरीला खिळे किती लागतात! त्यांचा एक उपाय होता 'अ'ची बाराखडी. इ ऐवजी अि, उ ऐवजी अु, ए ऐवजी अे. स्वतंत्र स्वरांचे खिळे वाचले. मराठीत सावरकरांनीही असाच आग्रह धरला होता. हिशोब बरोबर होता, पण वाचणाऱ्याच्या डोळ्याने तो मानला नाही. आजही पोरं शाळेत इ आणि उ हेच गिरवतात.

दुसरा रस्ता पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी काढला. १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात आयआयटी कानपूरने देवनागरी टर्मिनल दाखवलं. त्या कामातले मोहन तांबे नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि तिथे 'जिस्ट' कार्ड पुढे आलं. पीसीच्या स्लॉटमध्ये कार्ड बसवायचं. अक्षरं जुळवून पडद्यावर काढायचं ओझं कार्ड उचलणार, डॉसवरच्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही नाही. १९९१ च्या 'इस्की' प्रमाणामागचा विचारही तोच होता. साठवताना फक्त वर्णांचा क्रम ठेवा, आकार दाखवताना ठरवा. 'आंजी' इस्कीत ४ बाइट. आजच्या यूटीएफ-८ मध्ये १२. साठवणं स्वस्तच आहे हो, महाग आहे ते आकार काढणं.

म्हणजे अक्षर कापण्याऐवजी त्यांनी काम दुसरीकडे नेलं. हे लक्षात आल्यावर मी दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा हट्ट सोडला. पूर्ण १६ रांगांची एकच सरकती ओळ घेतली. ती लॅपटॉपवर चित्र म्हणून काढली आणि चिपच्या ३२ केबी फ्लॅशमध्ये भरली. २०० स्तंभ लांब ओळ, फक्त ४०० बाइट. चिपला आता जुळवायचं काहीच नाही, नुसतं सरकवायचं. टिंब परत आलं, आणि काकांनी खालून हात केला.

पण एक सल राहिला. विसर्जनाची वेळ बदलली तेव्हा पोरांचा फोन आला, कारण नवी मराठी ओळ माझ्या लॅपटॉपशिवाय भरता येईना. इंग्रजी असती तर त्यांनी स्वतःच टाइप करून टाकली असती. आपल्याच गावात आपल्याच भाषेत चार शब्द लिहायला इंजिनिअर लागावा, हे काही बरं नाही.

उपाय त्यांच्या खिशातच आहे. मोबाइलला जोडाक्षरं, रफार, अनुस्वार सगळं नीट काढता येतं. त्याने ओळीचं चित्र करायचं, वायफायची चिप बोर्डावर बसवायची आणि तिच्याकडे ते पाठवायचं. मोबाइल झाला आमचं जिस्ट कार्ड. पुढच्या गणपतीआधी एवढं करून द्यायचं कबूल केलंय. पहिली ओळ मात्र काका टाइप करणार, टिंबासकट.