ख्रिस्तपुराणाच्या पाठाचा माग

१६१६ साली गोव्यात रायतूरला ख्रिस्तपुराण हे मराठी ओवीबद्ध पुराण छापून बाहेर पडलं. कवी इंग्रज होता, विल्टशायरमधल्या बुश्टन गावचा थॉमस स्टीफन्स. शेक्सपिअर वारला तेही याच वर्षी. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये या पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत उपलब्ध नाही. तरीसुद्धा पहिलं पुराण ३६ अवस्वरांचं, म्हणजे अध्यायांचं, दुसरं ५९ अवस्वरांचं, मिळून १०,९६२ ओव्या आपल्याला वाचायला मिळतात. त्या आपल्यापर्यंत पोचल्या कशा, याचा शोध हाच स्टीफन्सवरच्या संशोधनाचा गाभा आहे.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या आमच्या रामनगरहून अनमोड घाट उतरलं की मोले, मग फोंडा, आणि बोरीचा पूल ओलांडून मडगावची वाट धरली की राय गावाच्या अंगाला रायतूर लागतं. जोयड्याच्या या टोकाला घरात कोंकणी, भजनात मराठी आणि सरकारी कागदात कन्नड, असा रोजचा व्यवहार चालतो. त्यामुळे स्टीफन्स मराठीचा की कोंकणीचा, हा वाद इथल्या माणसाला फारसा अडवत नाही. लोकांना शिकवायची प्रश्नोत्तरं त्यानं कोंकणीत लिहिली, ती १६२२ मध्ये छापली गेली. कोंकणीचं व्याकरणही त्याचंच, ते दियोगु रिबैरूनं वाढवलं आणि १६४० मध्ये छापून आलं. पुराण मात्र मराठीत, कारण त्या काळी रायतूरच्या परिसरात, गोव्यातल्या सासष्टीतही, पोथी लावली जायची ती मराठी ओवीतच.

ही ओवी तो शिकला कुठे? १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेला हा जेझुइट ऑक्टोबरात गोव्याला पोचला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, बहुतेक काळ सासष्टीत राहिला. त्याच्यासारख्या जेझुइट मिशनऱ्यांनी स्थानिक रामायण-महाभारताच्या कथा आणि मराठी काव्यं रोमन लिपीत उतरवून घेतली होती. ती हस्तलिखितं पोर्तुगालात ब्रागा शहराच्या ग्रंथालयात पडून होती. मारियानो सालदाना यांनी ती अभ्यासकांच्या नजरेस आणली, तेव्हा स्टीफन्सच्या अभ्यासिकेचं दार थोडं उघडलं. ज्या पोथ्यांवर बंदी आणली जात होती, त्याच पोथ्या शेजारी ठेवून भाषा शिकली जात होती. पुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही काढून घेतलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? हा प्रश्न कवीनं आपल्याच ग्रंथात येऊ दिला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या माणसांचं काय हिरावलं गेलं होतं, याची नोंद त्यात उरली आहे.

इंग्लंडमध्ये स्टीफन्सचं नाव टिकलं ते प्रवासी म्हणून. वडिलांना लिहिलेलं त्याचं १५७९ चं पत्र हॅक्लुटनं आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं. कवितेकडे तिकडे कोणी वळलं नाही. गोव्यात १६८४ च्या फर्मानानं स्थानिक भाषांवर गदा आणली. पुराण जगलं ते वाचणाऱ्यांनी हातानं केलेल्या नकलांमुळे, आणि गोवा सोडून दक्षिणेकडे कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. म्हणून पहिली आधुनिक आवृत्ती पणजीत किंवा मुंबईत नाही, मंगळूरला निघाली. १९०७ साली जोसेफ सालदाना यांनी उपलब्ध हस्तलिखितं जुळवून ती रोमन लिपीत संपादित केली. पुढचं जवळजवळ सगळं काम या पायावर उभं आहे.

या रोमन लिपीची एक गंमत जवळून पाहण्यासारखी आहे. मूर्धन्य वर्ण दाखवायला तिथे अक्षर दोनदा लिहितात. ‘पुराण’ लिहिताना ‘ण’साठी ‘एन’ हे अक्षर दोनदा येतं, आणि ‘श’साठी ‘एक्स’. म्हणजे देवनागरीत आणणाऱ्याला दर ओळीत ठरवावं लागतं की हे जोडाक्षर आहे की मूर्धन्य. शांताराम बंडेलू यांनी हे काम अंगावर घेतलं आणि १९५६ मध्ये पुण्याच्या प्रसाद प्रकाशनानं ग्रंथ देवनागरीत आणला. मराठी वाचकाला आपला कवी आपल्या अक्षरांत मिळायला ३४० वर्षं लागली.

मधल्या काळात लंडनमध्ये वेगळंच काही हाती लागलं होतं. भाषापंडित विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात ख्रिस्तपुराणाचं देवनागरी हस्तलिखित होतं. मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत नेणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांनी ते ओळखलं आणि हाच मूळ पाठ, असं १९२३ मध्ये मांडलं. रोमन प्रतींत जिथे पोर्तुगीज धर्मसंज्ञा येतात, तिथे या पोथीत बऱ्याचदा संस्कृत शब्द आहेत. अॅबटांचा तर्क मोहात पाडणारा आहे. पण संस्कृत शब्द म्हणजे जुना पाठ, असं सरसकट मानता येत नाही. नंतरच्या एखाद्या जाणत्या लेखकूनं परके शब्द काढून पाठ मुद्दाम घडवला, हेही तितकंच शक्य आहे.

या वादात सर्वांत बोलका पुरावा खुद्द स्टीफन्सचा. १६०८ च्या डिसेंबरात त्यानं रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत ही त्याची कित्येक वर्षांची इच्छा होती. अडचणही त्यानंच सांगितली आहे: युरोपात २४ अक्षरांवर भागतं, इथे अक्षरं स्वरांसह बनतात, म्हणून सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागतील. अ. का. प्रियोळकरांनी हिंदुस्थानातल्या मुद्रणाचा इतिहास १९५८ मध्ये लिहिला, तेव्हा या पत्राचं महत्त्व ठळकपणे पुढे आलं. माझ्या मते त्यातून दोनच गोष्टी निघतात. एक, १६१६ चं पुस्तक रोमन लिपीत छापलं गेलं ते साच्यांअभावी. दोन, कवीच्या मनातली लिपी ती नव्हती. त्यानं स्वतः कुठल्या लिपीत ओव्या लिहिल्या, हे पत्र सांगत नाही, आणि तेवढ्यावरून मार्सडेनची पोथी मूळ ठरत नाही.

याच सुमारास जर्मन जेझुइट इतिहासकार गेओर्ग शुरहामर यांनी १९५७ मध्ये स्टीफन्सविषयीची नवी कागदपत्रं प्रसिद्ध केली. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला मराठी कवी म्हटलं. नंतर १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती पॉप्युलर प्रकाशनाकडून आली. नेल्सन फाल्काव यांनी आधी प्रबंध लिहिला, मग १९०७ चा पाठ धरून २००९ मध्ये आजच्या मराठीत आणि २०१२ मध्ये इंग्रजीत सगळं पुराण नेलं. अर्थ लावण्याचं काम असं बरंच पुढे गेलं आहे.

पाठ ठरवण्याचं काम मात्र अजून बाकी आहे. प्रियोळकरांनी रघुनाथ पंडिताच्या दमयंती स्वयंवरासाठी पोथ्यांची जशी कसून छाननी केली, तशी इथे हवी. मंगळूरचा पाठ डावीकडे, मार्सडेनचा उजवीकडे, खाली गोव्यातल्या प्रतींची पाठांतरं, आणि जिथे पोर्तुगीज शब्दाच्या जागी संस्कृत शब्द आल्यावर ओवीची लय किंवा यमक अडखळतं, तिथे खूण. यमक कोणत्या शब्दाला धरून बांधलं होतं, ते अशा जागी चटकन दिसेल. सुरुवात दुसऱ्या पुराणातल्या येशूच्या बाप्तिस्म्यापासून करावी. धर्मसंज्ञा तिथे दाटीनं येतात.