निकालपत्रक कशासाठी?

एप्रिल महिना सरत आला म्हणजे दादरच्या चाळींच्या जिन्यांतून आणि भाजीबाजाराच्या गर्दीतूनही एकच प्रश्न कानी पडू लागतो, "काय हो, मुलाचा निकाल काय लागला?" प्रश्न साहजिक आहे. आईबापांनी तो विचारला नाही तर कोणी विचारावा? परंतु याच प्रश्नाचा एक धाकटा भाऊ आहे. त्याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. तो प्रश्न असा, की लागलेल्या त्या निकालाचे शाळेने पुढे केले काय? निकालपत्रक कपाटात गेले, की त्यावरून पुढील वर्षाच्या शिकवण्यात काही फरक पडला? आज या दुसऱ्या प्रश्नाचा थोडासा इतिहास आपणापुढे मांडावयाचा आहे. आणि तो मांडताना मी प्राथमिक शाळेपुरतेच बोलणार आहे.

प्रारंभ थोडा दूरचा, विलायतेतला आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो या मुत्सद्द्याच्या पुढाकाराने प्राथमिक शाळांच्या अनुदानाचा एक नवा नियमसंग्रह अमलात आला. त्यातील योजना वरकरणी मोठी सरळ होती. सरकारी तपासनीसाने शाळेत जावे, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांत परीक्षा घ्यावी, आणि जितकी मुले उतरतील तितके पैसे शाळेस द्यावे. परीक्षेपोटी दर मुलामागे आठ शिलिंग मिळावयाचे. मूल एका विषयात नापास झाले, की त्यातून दोन शिलिंग आठ पेन्स वजा. व्यापारी माणसास हा हिशेब पटण्यासारखाच होता: माल पाहावा आणि दाम मोजावे.

हीच पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात आपल्या मुंबई इलाख्यात आली, आणि खासगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर बेतले जाऊ लागले. मुलाच्या गुणास याप्रमाणे बाजारभाव आला.

आता आपण क्षणभर त्या काळच्या शिक्षकाच्या जागी उभे राहून पाहावे. वर्गात तीस मुले आहेत. दहा हुशार, ती कोणत्याही परीक्षेत उतरणारच. दहा मधली, थोडी घोकंपट्टी करून घेतली तर निभावतील. उरलेली दहा कच्ची. त्यांच्यामागे वर्षभर खपले तरी परीक्षेच्या दिवशी ती दगा देणार. शाळेचे अनुदान, आणि बहुधा मास्तरांचा पगारही, उतरलेल्या डोक्यांवर अवलंबून. अशा स्थितीत तो मनुष्य आपली मेहनत कोठे खर्च करील? मधल्या दहांवर. आणि शेवटची दहा? ती मागल्या बाकावर बसून राहतील, वरच्या इयत्तेस योग्य असली तरी खालच्याच इयत्तेत बसविली जातील, किंवा परीक्षेच्या दिवशी घरीच राहिली तर बरे, असे मास्तरांस वाटू लागेल. मास्तर दुष्ट होते म्हणून हे घडले नाही; मोजण्याची रीतच तशी होती. इंग्लंडात मॅथ्यू आर्नोल्ड हा प्रसिद्ध कवी स्वतः शाळातपासनीस होता. या पद्धतीने शिक्षण यंत्रवत होत चालले आहे, अशी तक्रार त्याने सरकारी अहवालांतून वर्षानुवर्षे केली. पुस्तक मुलाच्या हातात असे, परंतु वाचन त्याच्या पाठांतरातून निघे.

आपल्याकडे १८८२ साली हंटर कमिशन नेमले गेले. प्राथमिक शाळांस मिळणारी मदत बव्हंशी परीक्षेच्या निकालावरच असावी, असे या कमिशननेही सुचविले. मात्र मागासलेल्या मुलखांतील शाळांस निराळे नियम लावण्याची मुभा ठेवली. या अपवादाचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. जेथे मुलांस मदतीची गरज सर्वांत अधिक, तेथे ही तागडी चालत नाही, हे तिच्या पुरस्कर्त्यांसही कळत होते.

याच कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. बहुजन समाजाच्या प्राथमिक शिक्षणाविषयीची त्यांची कळकळ सर्वश्रुत आहे. परंतु त्याच निवेदनात शाळातपासणीविषयी एक व्यवहारी सूचना आहे, ती फारशी कोणाच्या स्मरणात नसते. डिपुटी इन्स्पेक्टरची वर्षाकाठची एक भेट शाळेच्या फारशा उपयोगी पडत नाही. निदान दर तीन महिन्यांनी शाळा तपासली जावी, आणि एरव्हीही आगाऊ वर्दी न देता भेटी व्हाव्यात, असे त्यांनी सुचविले. सूचना साधी दिसते. पण वर्षाच्या अखेरीस होणारी परीक्षा फक्त निवाडा सांगते. वर्षाच्या मध्ये होणारी तपासणी दुरुस्तीस अवसर देते. निकाल सुधारणेच्या कामी यावयाचा असेल तर तो वेळेवर हाती आला पाहिजे. हे तत्त्व जोतीरावांच्या त्या सूचनेत बीजरूपाने आहे, असे मला वाटते.

निकालावर दाम मोजण्याची पद्धत इंग्लंडात एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच मोडली. आपल्याकडे ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मावळली. तिच्या जागी काय आले, हे पाहावयास आपण आता दादरलाच परत येऊ.

१९२५ साली मुंबई महानगरपालिकेने शहराच्या एफ आणि जी या दोन विभागांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. दादर या दोन्ही विभागांत विभागलेले आहे. रेल्वेच्या पूर्वेकडचे एफमध्ये, पश्चिमेकडचे जीमध्ये. परळ, नायगाव, वरळी ही कामगारांची वस्ती याच टापूतली. सक्ती आली याचा अर्थ असा, की ज्या मुलांनी निकालपत्रकात कधी पाऊलच ठेवले नव्हते, ती गिरणीकामगारांची मुले आता हजेरीपटावर आली. पूर्वी प्रश्न असे, "परीक्षेस बसलेल्यांपैकी किती उतरले?" आता प्रश्न बदलणे भाग होते: "वस्तीतील सगळ्या मुलांपैकी किती शिकली?" भाजक बदलला, की भागाकार बदलतो. शंभर टक्के निकालाची शाळा या नव्या हिशेबात अगदी सामान्य ठरू शकते.

हा नवा हिशेब सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडला तो १९२९ सालच्या हार्टोग समितीने. १९२२-२३ साली पहिल्या वर्गात असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथ्या वर्गात केवळ १८ मुले होती, असा तिने आकडा दिला. उरलेल्यांपैकी काही शाळा सोडून गेली होती, काही खालच्याच वर्गात अडकून पडली होती. या हिशेबातही खोट काढता येते. पहिलीच्या पटावर नवी मुले आणि मागल्या साली राहिलेली मुले एकत्र मोजली जातात, म्हणून तो शेकडा मुळातच फुगलेला असतो. तथापि समितीचे एक ऋण मानलेच पाहिजे. शाळेचे आजारपण शेवटच्या इयत्तेत नसून पहिल्या इयत्तेत आहे, हे तिच्या आकड्यांनी दाखविले.

परंतु निदान बरोबर असले म्हणजे औषधही बरोबर असतेच असे नाही. समितीने सल्ला दिला, की विस्तार आवरता घ्या आणि आहेत त्या शाळा सुधारा. मुंबई महानगरपालिकेच्या शाळांच्या कारभारात मुरलेले रा. वि. परुळेकर यांना हा सल्ला मानवला नाही. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील साक्षरतेवरील आपल्या ग्रंथात आणि इतर लेखनात त्यांनी आकडेवारीच्या आधारे प्रसाराची बाजू मांडली. जेथे बहुसंख्य मुलांस शाळाच नाही, तेथे थोड्यांच्या शाळा उत्तम करीत बसणे हा न्याय नव्हे, असा त्यांचा रोख होता. एकच आकडा एकास दार लावण्याचे कारण वाटतो आणि दुसऱ्यास दार उघडण्याचे. म्हणून आकड्याबरोबर हेतूही तपासावा लागतो.

याच परुळेकरांचे सहकारी जे. पी. नाईक पुढे १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. पहिली व दुसरी या इयत्ता मिळून एकच सलग टप्पा मानावा आणि मुलाने आपल्या गतीने तो ओलांडावा. परीक्षा मुलाचे न्यून शोधणारी असावी. आणि प्रत्येक शाळेने आपल्या परिस्थितीस अनुसरून स्वतःची योजना स्वतः आखावी, हे विचार या आयोगाने पुढे मांडले. यातील शेवटच्या विचाराचा नाईकांनी मोठ्या आस्थेने पुरस्कार केला. योजना दिल्लीत किंवा मंत्रालयात होते आणि शाळेने ती केवळ पाळावयाची, ही समजूत त्यांना मान्य नव्हती.

आता, निकालावरून योजना आखावयाची म्हणजे नेमके करावयाचे काय? एक घरचेच उदाहरण सांगतो. मी चौथीचा वर्ग घेत असताना एका सहामाहीस गणितात निम्म्याहून अधिक मुले नापास झाली. तोंडी शेरा ठरलेलाच होता: वर्ग ढ आहे, जादा तास घ्या. तसे मी पूर्वी कित्येकदा केले होते, आणि त्यात मुलांचा वेळ फुकट गेला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या वेळी मात्र मी गुणांची यादी बाजूस ठेवली आणि उत्तरपत्रिका पुन्हा काढून प्रश्नवार चुका लिहून काढल्या. ५०३ मधून २६७ वजा करा, असा एक प्रश्न होता. उत्तर २३६. पुष्कळ मुलांनी लिहिले होते ३६४. ही चूक आंधळी नव्हती. त्यांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. सातातून तीन, सहातून शून्य, पाचातून दोन. म्हणजे वजाबाकी त्यांना येत होती. दशकाचे घर रिकामे असता शतक मोडून दशक आणि दशक मोडून एकक करावयाचे, हे मात्र त्यांना कधी दिसलेच नव्हते. दुसऱ्या काही मुलांची रीत बिनचूक होती, फक्त फळ्यावरून आकडा उतरविताना चूक झाली होती. त्यांत एकाला तर चष्मा लागला. दोघांनाही गुण शून्यच. परंतु त्या शून्यांची कारणे निराळी आणि उपायही निराळे.

मग आम्ही दुसरी-तिसरीच्या वह्या पाहिल्या, तेव्हा मूळ सापडले. काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधून ते सोडविण्याचा पाठ खालच्या वर्गात घाईने उरकला जात होता. निकाल चौथीचा, दुखणे दुसरीचे! त्या वर्षी शाळेच्या योजनेत आम्ही एकच कलम घातले: दुसरीत रोज पंधरा मिनिटे काड्या आणि गठ्ठे. चौथीच्या त्या मुलांनाही, लाज न बाळगता, पुन्हा काड्या हातात दिल्या. खर्च जवळजवळ शून्य. कोणा शिक्षकास दोष दिला नाही, म्हणूनच खालच्या वर्गाच्या बाईंनी आपल्या वह्या आपणहून पुढे केल्या. दोष देत बसलो असतो तर त्या वह्या मला कधी दिसल्या नसत्या.

हीच दृष्टी मुंबईत मोठ्या प्रमाणावर राबविली गेली. १९९० नंतरच्या दशकात येथे उभ्या राहिलेल्या 'प्रथम' संस्थेने 'बालसखी' हा उपक्रम चालविला. महानगरपालिकेच्या शाळांतील तिसरी-चौथीची मागे पडलेली मुले दिवसातून सुमारे दोन तास वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणीपाशी बसत, आणि त्यांना जेथे अडले असेल तेथून शिकविले जाई. मुंबई आणि बडोदे येथील या उपक्रमाचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रीय रीतीने अभ्यास केला. मुलांची, विशेषतः कच्च्या मुलांची, प्रगती झाल्याचे त्यांना आढळले. २००५ पासून निघू लागलेल्या 'असर' अहवालातील चाचणीही अशीच साधी आहे. मूल अक्षर ओळखते का, शब्द वाचते का, पहिलीचा परिच्छेद वाचते का, दुसरीची गोष्ट वाचते का, एवढेच तीत पाहतात. गुण नाहीत, पायऱ्या आहेत. आणि पायरी कळली की पुढचे पाऊल कळते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीवर शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकली. नाईकांच्या विचारास अशा रीतीने कायद्याचे बळ आले. त्याच कायद्याने आठवीपर्यंत मुलांना नापास करण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाचवी व आठवीपुरती राज्यांच्या इच्छेवर सोडली, आणि २०२३ साली महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास करावे की न करावे, यावर घरोघर वाद झाले. मला या वादापेक्षा मधली वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. परीक्षा काढून टाकल्याने मूल शिकत नाही आणि परत आणल्यानेही शिकत नाही. मूल कोठे अडले ते पाहून दुसऱ्या दिवशीचा पाठ बदलला, तरच ते शिकते.

श्रोतेहो, १८६२ चा तो हिशेब कायद्याच्या पुस्तकातून गेला. मनातून तो पुरता गेलेला नाही. शाळेच्या दारावर शंभर टक्के निकालाचा फलक लागतो, तेव्हा कच्च्या मुलाचे त्या शाळेत काय झाले, हे विचारावयास आपण विसरतो. निकालाबरोबर जेथे बक्षीस किंवा धाक बांधला जातो, तेथे चुका लपविल्या जातात. आणि लपविलेली चूक दुरुस्त करता येत नाही. येत्या पालकसभेस आपण जाल, तेव्हा "शाळेचा निकाल किती टक्के?" हा प्रश्न एक वेळ राहू द्या. "मुले अधिक कोठे चुकली, आणि त्यावरून आपण यंदा काय बदलले?" एवढे नम्रपणे विचारा. ज्या शाळेपाशी या प्रश्नाचे उत्तर असेल, तिचा निकाल थोडा कमी दिसला तरी आपले मूल तेथे निःशंक मनाने ठेवावे.