सह्याद्रीतील रात्रीची पदभ्रमंती व मुक्काम : वन्यप्राण्यांपासून सुरक्षितता

सह्याद्रीतील रात्रीच्या पदभ्रमंतीत व उघड्यावरील मुक्कामात वन्यप्राण्यांपासून घ्यावयाची काळजी हा महाराष्ट्रातील दुर्गभ्रमण आणि गिरिभ्रमण यांच्याशी निगडित विषय आहे. सूर्योदय पाहण्यासाठी कळसूबाई शिखर (१,६४६ मीटर) मध्यरात्रीनंतर चढणे, हरिश्चंद्रगड किंवा राजगडावर मुक्काम करणे, मे-जून महिन्यांत भंडारदरा परिसरात काजवे पाहण्यास जाणे हे प्रकार राज्यात लोकप्रिय आहेत. यांपैकी अनेक वाटा कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना यांसारख्या अभयारण्यांतून किंवा राखीव वनांतून जातात.

धोक्याचे स्वरूप

रात्रीच्या जंगलाची भीती म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बिबट्या किंवा वाघ येतो. प्रत्यक्षात सह्याद्रीत रात्री फिरणाऱ्यास सर्वाधिक धोका मोठ्या श्वापदांपासून नसून साप आणि विंचू यांच्यापासून असतो. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले. यातील बहुसंख्य बळी शेतकरी व ग्रामीण रहिवासी होते, डोंगरयात्री नव्हते. तथापि दंशाची कारणे दोघांच्या बाबतीत सारखीच आहेत : अंधार, अनवाणी पाय आणि जमिनीवर झोपणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला.

वाट चुकून कड्यावरून पडणे हा रात्रीच्या भ्रमंतीतील आणखी एक मोठा धोका असून प्राण्याला घाबरून पळताना तो वाढतो. प्राणी दिसल्यास न पळण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे हेही एक कारण आहे.

साप

महाराष्ट्रात गंभीर दंशास प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप कारणीभूत असतात. फुरसे लहान असून दगडांखाली व कातळाच्या फटींत राहते. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, ते मोठ्या संख्येने आढळते. घोणस पालापाचोळ्यात वेटोळे करून पडून राहते आणि डिवचल्यास कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फूत्कार टाकते. हा आवाज ऐकू आल्यास जागीच थांबून विजेरीने जमीन न्याहाळावी व आल्या पावली मागे फिरावे.

मुक्कामाच्या दृष्टीने मण्यार सर्वांत घातक मानली जाते. ती पूर्णतः निशाचर असून उंदीर, पाली व इतर साप यांच्या शोधात घरांत आणि माणसांच्या अंथरुणापर्यंत येते. तिचे दात बारीक असल्याने दंशाची वेदना व सूज जवळजवळ नसते आणि झोपलेली व्यक्ती अनेकदा जागीही होत नाही. काही तासांनी पोटदुखी, पापण्या जड होणे, गिळण्यास व बोलण्यास त्रास होणे ही लक्षणे दिसतात आणि पुढे श्वसनाचे स्नायू निकामी होतात. त्यामुळे उघड्यावर झोपलेली व्यक्ती पहाटे पोटदुखीची तक्रार करीत उठली आणि तिच्या पापण्या मिटू लागल्या, तर दंशाची खूण सापडली नाही तरी तो सर्पदंश समजून रुग्णालय गाठणे आवश्यक असते. अशा वेळी आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देऊन वाट पाहत बसणे जिवावर बेतू शकते.

दंश टाळण्याचे उपाय साधे आहेत. घोटे झाकणारे बूट व लांब विजार घालावी. विजेरीचा झोत दूरवर न टाकता पुढच्या दोन-तीन पावलांवर ठेवावा. साप जमिनीतून येणारी कंपने टिपतो, म्हणून काठी आपटत चालल्यास त्यास सरकण्यास अवधी मिळतो. चढताना हात टेकण्यापूर्वी ती जागा पाहावी, कारण पावसाळ्यात हिरवा चापडा अनेकदा कमरेच्या किंवा डोक्याच्या उंचीवरील फांदीवर निश्चल बसलेला असतो. सरपण अंधारात गोळा करू नये. ते दिवसाउजेडी आणून ठेवावे. पायऱ्यांवर किंवा दगडी जोत्यावर बसण्यापूर्वी तेथील फटी पाहून घ्याव्यात. तंबूची चेन सतत बंद ठेवावी आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. मंदिरात किंवा गुहेत झोपायचे असल्यास चारही कडा अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी हे मण्यारीपासूनचे प्रभावी संरक्षण आहे.

प्रथमोपचार

दंश झालेल्या व्यक्तीस धीर देऊन झोपवावे, अंगठ्या, कडी व घट्ट कपडे काढावेत आणि दंश झालेला अवयव खपची बांधून स्थिर ठेवावा. शक्यतो तिला चालवू नये. गडावरून खाली आणताना डोली किंवा पाठुंगळी यांचा वापर करावा. जखम चिरणे, विष चोखणे, आवळपट्टी बांधणे, बर्फ लावणे हे उपाय अपायकारक ठरले आहेत. घट्ट बांधलेल्या पट्टीमुळे अवयव सडण्याची भीती असते आणि पट्टी सोडताच साचलेले विष एकदम शरीरात पसरू शकते. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला वेळ भरून काढता येत नाही. साप मारून किंवा पकडून सोबत नेण्याची गरज नसते, कारण भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेशी या प्रतिविषाच्या निर्मितीचा दीर्घ इतिहास जोडलेला आहे. चापड्याच्या विषाचा मात्र या प्रतिविषात समावेश नाही. त्याचा दंश अतिशय वेदनादायक असला तरी क्वचितच प्राणघातक ठरतो.

प्रतिविष केवळ रुग्णालयातच व वैद्यकीय देखरेखीखाली देता येते, कारण त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. ते सोबत बाळगण्याचा काही गटांचा आग्रह म्हणूनच अनाठायी आहे. त्यापेक्षा पायथ्याच्या गावापासून सर्वांत जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणते, तेथे प्रतिविष उपलब्ध आहे काय आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल, ही माहिती निघण्यापूर्वी घेणे अधिक उपयोगी ठरते. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. तथापि अनेक घाटवाटांवर भ्रमणध्वनीचे संकेत मिळत नाहीत, हे गृहीत धरावे लागते.

विंचू

कोकण व घाटमाथ्यावर आढळणारा लाल विंचू हा जगातील अत्यंत विषारी विंचवांपैकी एक आहे. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसल्यास हृदयावर व फुप्फुसांवर परिणाम होत असल्याचे समजावे. रायगडाजवळील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा परिणामकारक वापर दाखवून दिला. त्यांचे संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि या उपचारामुळे मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. विंचवाचे शरीर अतिनील प्रकाशात हिरवट निळे चमकते. त्यामुळे अतिनील किरणांची छोटी विजेरी तंबू लावण्यापूर्वी जागा तपासण्यास उपयोगी पडते.

बिबट्या

बिबट्या सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर, तसेच जुन्नर व अकोले तालुक्यांतील उसाच्या शेतांत आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आढळतो. गावकुसाजवळ भटकी कुत्री, शेळ्या व डुकरे हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य असते. संशोधक विद्या अत्रेय यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासातून, दाट लोकवस्तीच्या शेतजमिनीतही बिबटे माणसांना टाळून राहतात, असे दिसून आले. जुन्नर भागात पकडलेले बिबटे अन्यत्र सोडल्यानंतर तेथे माणसांवरील हल्ले वाढल्याचेही त्यांनी मांडले आहे. डोंगरी भागात वाघोबाची पूजा करण्याची प्रथा जुनी असून माणूस व श्वापद यांच्या सहवासाची ती खूण मानली जाते.

बिबट्याचा वावर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत अधिक असतो. उभा प्रौढ माणूस हे त्याचे नेहमीचे भक्ष्य नव्हे. मात्र वाकलेली किंवा बसलेली व्यक्ती आणि लहान मूल त्याला आकाराने जनावरासारखे भासू शकते. त्यामुळे रात्री प्रातर्विधीसाठी एकट्याने दूर जाणे टाळावे, उजेड व सोबती बरोबर असावा आणि मुलांना गटाच्या मध्यभागी ठेवावे. मुक्कामास कुत्रा नेणे, किंवा पायथ्यापासून मागे लागलेल्या कुत्र्यास तंबूजवळ झोपू देणे, हे संरक्षण नसून आमंत्रण ठरू शकते.

बिबट्या समोर आल्यास पळू नये, खाली बसू नये व पाठ फिरवू नये. एकत्र उभे राहून, हात किंवा पाठपिशवी उंच धरून, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकावे. त्याच्या मागे पिले असू शकतात, म्हणून त्याचा निघून जाण्याचा मार्ग मोकळा ठेवावा. छायाचित्रासाठी पुढे जाणे किंवा दगड मारणे यांतून टळण्यासारखा प्रसंग हल्ल्यात बदलतो. गडावरील आडबाजूच्या गुहेत ताजी विष्ठा, हाडे किंवा उग्र दर्प आढळल्यास तेथे मुक्काम करू नये.

गवा, अस्वल व इतर प्राणी

राधानगरी, कोयना व चांदोली परिसरात गव्याशी गाठ पडण्याची शक्यता असते. गवा शांत दिसतो, पण एकटा नर किंवा वासरू असलेली मादी जवळ आल्यास धाव घेते. अशा वेळी मोठ्या झाडाचा आडोसा घ्यावा. अस्वलाची दृष्टी अधू असते आणि ते अचानक समोर आलेल्या माणसावर घाबरून तुटून पडते. म्हणून अस्वलाच्या प्रदेशात मौन पाळून चालण्यापेक्षा बोलत चालणे इष्ट. रानडुकराची वाट अडवू नये. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हत्तींचा वावर असल्याने तेथे रात्री पायी फिरणे टाळावे. चिपळूणजवळची वाशिष्ठी, महाडची सावित्री तसेच कृष्णा व वारणा या नद्यांत मगरी असल्यामुळे काठालगत तंबू लावू नये व अंधारात पाण्यात उतरू नये. पायथ्याच्या वस्तीवरील कुत्र्याने चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

मधमाश्या

आग्या मोहोळ कड्यांच्या कपारींत, बुरुजांवर आणि उंच झाडांवर असते. धूर, अत्तर, आरडाओरडा किंवा दगड यांनी माश्या उठतात. त्या रात्री निष्क्रिय असतात असा समज असला तरी चांदण्यात त्या उडू शकतात आणि डिवचल्यास विजेरीच्या उजेडाकडे येतात. मोहोळाखाली शेकोटी पेटवणे, फटाके किंवा ढोल वाजवणे टाळावे. हल्ला झाल्यास उजेड विझवून, तोंड व मान कापडाने झाकून, वाट सुरक्षित असेल त्या दिशेने दूर जावे. अंगातील काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने त्वरित काढावेत.

प्रचलित समजुती

तंबूभोवती मीठ, फिनाईल किंवा लसूण टाकल्यास साप येत नाही, या समजुतीस आधार नाही. मिठाचा उपयोग होतो तो पायाला चिकटलेली जळू सोडवण्यापुरता. शेकोटीमुळे श्वापदे दूर राहतात हेही सर्वस्वी खरे नाही. शिवाय उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात तिच्यामुळे वणवा लागण्याचा धोका मोठा असतो. खरकटे उंदरांना, उंदीर सापांना व उरलेले मांसान्न मोठ्या मांसभक्षकांना ओढून आणते, म्हणून अन्न बंद डब्यात ठेवणे आणि कचरा खाली नेणे हा शेकोटीहून खात्रीचा उपाय होय. माकडांच्या उपद्रवासही तोच लागू पडतो.

कायदेशीर बाबी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. कलम ३० नुसार तेथे आग लावण्यास आणि कलम ३१ नुसार परवानगीविना शस्त्र नेण्यास बंदी आहे. प्राण्यास आमिष दाखवणे हे या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत येते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेली कृती मात्र कलम ११ अन्वये गुन्हा ठरत नाही. २०१० मध्ये कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. काही गडांवरील रात्रीचा मुक्काम वनविभाग किंवा जिल्हा प्रशासन वेळोवेळी प्रतिबंधित करते, विशेषतः पावसाळ्यात. त्यामुळे निघण्यापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे चौकशी करणे व स्थानिक वाटाड्या सोबत घेणे रूढ आहे. वन्यप्राणी आढळल्याची किंवा हल्ल्याची माहिती वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर देता येते.