गूढ श्रुतिका
केवळ ध्वनीतून अतिमानवी, भयप्रद कथा सांगणारा नाट्यप्रकार. पावले, दाराची करकर, वारा आणि मुख्य म्हणजे शांतता यांवर त्याची भिस्त असते; न दिसणारे भूत श्रोता स्वतःच घडवतो, हेच त्याचे खरे सामर्थ्य. जपानमध्ये भुताच्या गोष्टी उन्हाळ्यात, पितरांच्या ओबोन सणाच्या सुमारास सांगण्याची रूढी आहे. म्हणून तेथील श्रुतिकेला उन्हाळी सुटीची पार्श्वभूमी शोभते. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथा लोकप्रिय केली. मतकरींची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५ मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून सादर झाली.