एका बोर्डावरचा संगणक: ८०८५ च्या किटपासून रास्पबेरी पायपर्यंत

१/ १९९४ साली वसई रोड येथे विद्यावर्धिनी संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा व्हायला अजून वीस वर्षे होती. त्या काळात मुंबई विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला संगणक आतून दिसे तो बहुधा एकाच वस्तूत: ८०८५ च्या किटमध्ये. आज तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पायची गोष्ट या किटपासून सांगितली, तर ती अधिक नीट कळते.

२/ इंटेलने ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर १९७६ मध्ये बाजारात आणला आणि त्यापाठोपाठ एसडीके-८५ नावाचा शिकाऊ संच. ना पडदा, ना डबा. उघड्या बोर्डावर कीपॅड, आकडे दाखवणारे सहा लाल डिस्प्ले आणि अवघी २५६ बाइट रॅम. त्याच धर्तीचे संच पुढे भारतीय उत्पादकांनी बनवले आणि ते महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पोहोचले.

३/ पाचात तीन मिळवायचे, तर आधी वहीत आज्ञा लिहायच्या, तक्त्यात प्रत्येकीचा संकेतांक शोधायचा आणि मग एकेक दाबायचा: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ७६. शेवटचा ७६ म्हणजे ‘थांब’. एक आकडा चुकला की आठाऐवजी भलतेच उत्तर. आणि मध्येच वीज गेली, तर रॅममधले सारे पुसले जाई. भारनियमनाच्या वर्षांत हा धडा अभ्यासक्रमाबाहेरचा असूनही अनेकांना पाठ होता.

४/ या किटने संगणकाभोवतीचे गूढ काढून टाकले, हे त्याचे मोठे श्रेय. पण ते कपाटात राही. घरी नेण्याची सोय नव्हती. एका किटभोवती तिघे-चौघे उभे असत. ज्याचे बोट कीपॅडवर, तो शिके. बाकीचे जर्नल उतरवून घेत.

५/ शाळांत याआधीच वेगळा प्रयोग झाला होता. १९८४ मध्ये भारत सरकारने ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक निवडले गेले. सुरू करताच प्रोग्राम लिहिण्यास सज्ज होणारे हे यंत्र ब्रिटनमधल्या एका पिढीने घरीदारी हाताळले. भारतात ते थोड्याच शाळांच्या वाट्याला आले.

६/ त्याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ‘आर्म’ प्रोसेसर घडवला; पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये चालली. पुढे २००६ च्या सुमारास केंब्रिजमध्येच एबेन अप्टन यांच्या लक्षात आले की, संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांनी प्रोग्रामिंग फारसे केलेलेच नसते. घराघरांतले संगणक आता बंद डब्यातले होते. मोडेल या भीतीने मुलांना हात लावू दिला जात नव्हता. मुंबई-वसईतल्या घरांतही चित्र निराळे नव्हते.

७/ २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विक्रीस आला. किंमत ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सतराशे रुपये. प्रोसेसर आर्म, आणि ‘मॉडेल ए’, ‘मॉडेल बी’ ही नावे बीबीसी मायक्रोवरूनच घेतलेली. रॅम २५६ मेगाबाइट: एसडीके-८५ च्या दहा लाख पट.

८/ मात्र ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरावा. कीबोर्ड, चार्जर, मेमरी कार्ड आणि पडदा यांचा खर्च वेगळाच होता. भारतात करही भरावा लागे. जुन्या टीव्हीला जोडता येईल असे पिवळे सॉकेट त्यावर होते, ही सोय इथल्या घरांसाठी मोलाची ठरली. अचानक वीज गेल्यास कार्ड बिघडण्याचा धोका मात्र पायलाही होता.

९/ विरारहून निघणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच ग्रँट रोड स्थानक आहे आणि त्याच्याजवळ लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी तिथून आणलेला बोर्ड विद्यार्थ्याच्या मालकीचा असे. मातीतला ओलावा मोजून पंप चालवणे, टाकीची पातळी पाहणे, दारावरचा कॅमेरा असे प्रकल्प इतके झाले की परीक्षकही कंटाळले असतील. पण वसईच्या वाडीत पाणी लावणाऱ्या घरातल्या मुलाला त्यातला पहिला प्रकल्प शिळा वाटण्याचे कारण नव्हते. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि असे बोर्ड सहावीच्या मुलांपर्यंत आले.

१०/ मग मालकीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. हा बोर्ड कारखान्यांनाही आवडला होता: यंत्रावर नजर ठेवायला, माल मोजायला. २०२१ मध्ये चिपटंचाई आली आणि पायची किंमत इतिहासात प्रथमच वाढली. तुटवड्यात कंपनीने व्यावसायिक ग्राहकांना प्राधान्य दिले, कारण त्यांची उत्पादने या बोर्डावर अवलंबून होती. कारण समजण्याजोगे होते; पण मुलांसाठी जन्मलेल्या यंत्राच्या रांगेत मुलेच मागे राहिली. २०२३ पर्यंत विक्रीतला सुमारे ७२ टक्के वाटा उद्योगांचा झाला होता.

११/ टंचाईतही सहज मिळत राहिला तो जानेवारी २०२१ मध्ये आलेला पिको. किंमत चार डॉलर, रॅम २६४ किलोबाइट. ना पडदा, ना लिनक्स. एका वेळी एकच प्रोग्राम, जवळजवळ ८०८५ च्या किटसारखा. फरक इतकाच की वीज गेली तरी त्यातला प्रोग्राम पुसला जात नाही, आणि संध्याकाळी तो कपाटात परत ठेवावा लागत नाही.