क्विक्सॉटिक

क्विक्सॉटिक : इंग्रजी विशेषण. हेतू उदात्त पण व्यवहाराशी फारकत घेतलेला बेत, किंवा तो तडीस न्यायला निघालेला माणूस. सर्व्हांतेसच्या स्पॅनिश कादंबरीतील (भाग पहिला १६०५, दुसरा १६१५) डॉन किखोते या नायकावरून. इंग्रजांनी नावाचा उच्चार बदलला; विशेषण अठराव्या शतकात रुळले.

शिलेदारीच्या पोथ्या वाचून डोके फिरलेला हा हिडालगो (कनिष्ठ उमराव) पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला रोखतो. वाऱ्याने पाते फिरते, भाल्याचे तुकडे होतात, घोड्यासकट स्वारी शेतात लोळते. तरी चूक कबूल नाही : जादूगाराने ऐनवेळी राक्षसांच्या चक्क्या केल्या म्हणे!

कोशांत ‘अव्यवहार्य’ हा प्रतिशब्द देऊन मोकळे होतात. तो अपुरा आहे. भोपाळच्या शिवाजी नगरात, सहा नंबर स्टॉपच्या आसपास, एखाद्या निवृत्त मराठी कारकुनाने सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात मोडी लिपीचा फुकट वर्ग काढला. खडू-फळा पदरमोड करून आणला. पोरे फिरकेनात तरी रिकाम्या सतरंजीसमोर तो रोज फळा पुसून नवा कित्ता लिहितो, असे समजा. हा क्विक्सॉटिक. मोडीची शाळा, मग विद्यापीठ, मग कुलगुरूची मोटार असे मनात रंगवत जो खाटेवरून उठतच नाही, तो शेखचिल्ली. आणि सगळ्या खात्याने आठवड्यात मोडी शिकावी असा साहेबाने काढलेला हुकूम तुघलकी. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवली, त्यावरून हा शब्द. त्यात हाल दुसऱ्यांचे होतात. किखोतेच्या बाबतीत मार बहुतेक त्याचा त्यालाच बसतो.

निर्जीव वस्तूंना हे विशेषण सहसा लावत नाहीत. जिन्यात न मावणारे कपाट गैरसोयीचे, क्विक्सॉटिक नव्हे.

मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘ध्येयवेडा’. पण त्यात कौतुक अधिक, हसू जवळजवळ नाहीच. नेसरीला फेब्रुवारी १६७४ मध्ये मराठा सेनापती प्रतापराव गुजर, परंपरेनुसार अवघ्या सहा स्वारांनिशी, विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. हिशेबात न बसणारीच ती दौड. तिला मराठी माणूस खुशाल वेड म्हणेल. क्विक्सॉटिक म्हणताना मात्र त्याची जीभ अडखळेल.