मिरजेची शकुंतला

साल १९०५. मिरजेत आहात तुम्ही. उपरणं सांभाळा, नाटकगृहाच्या दारात रेटारेटी चाललीय. आत शिरलात की आधी उकाडा अंगावर येतो, मग रॉकेलच्या बत्त्यांचा वास, त्यात मोगरा, तंबाखू आणि घाम मिसळलेला. सारंगी लागतेय. शेजारी सांगलीचे एक गृहस्थ सुपारी कातरत बसलेत. "भाऊराव गेल्यापासून किर्लोस्कर मंडळींना तशी शकुंतला मिळाली नाही बघा. आज नवा पोरगा आहे, नारायण राजहंस. देवल मास्तरांनी तयार केलाय म्हणे."

पडदा वर जातो. शकुंतला आणि तिच्या दोघी सख्या झाडांना पाणी घालायला येतात. तिघीही पुरुष! सतरा वर्षांच्या त्या पोराच्या कमरेवर घागर आहे. तिच्यात थेंबभर पाणी नाही, तरी कंबर एका अंगाला कलते, चाल जड होते आणि मोकळा हात तोल सावरायला जरासा बाहेर येतो. तो हात नीट बघून घ्या. मग गाणं सुरू होतं. सुपारी कातरायची थांबते. "वन्समोअर!" तुमच्याच तोंडून निघालं की हो ते.

बायकांच्या बाजूलाही सामसूम आहे. उद्या कृष्णेच्या घाटावर यांतली एखादी तसाच पदर घेऊन बघेल. हाच नारायण पुढे बालगंधर्व म्हणून गाजला आणि महाराष्ट्रभर बायका त्याच्यासारखं लुगडं नेसल्या, तशाच नटल्या. घरंदाज बाईनं रंगमंचावर पाऊल टाकणं पाप आणि बाईपणाचा नमुना मात्र पुरुषाकडून घ्यायचा. त्या गर्दीत कुणाला यात वावगं वाटत नाही, आणि मला तर त्याचं मोठं अप्रूप वाटतं.

नाटक सुटेपर्यंत झुंजूमुंजू होतं. गल्लीत चौंडकं वाजतंय. डोक्यावर यल्लम्मा देवीचा जग, कपाळभर भंडारा, हिरवं लुगडं आणि गालावर दाढीचे खुंट. देवीला वाहिलेला जोगत्या आलाय. एक म्हातारी सुपातून जोगवा घालते, पाया पडते. पण रात्री वन्समोअर देऊन घसा बसलेले ते गृहस्थ अंग चोरून पलीकडून जातात. पोरं खडे मारतात. या माणसाचं नाव कुणी विचारत नाही, ओसरीवर बस म्हणत नाही. नारायणचं लुगडं घडी होऊन पेटीत गेलं. याचं अंगावरच राहिलं.

या आता परत. मिरजेत आज बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह आहे. त्या जोगत्यासारख्या तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली मान्य केला. २०१८ साली दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं समलिंगी नातंही ३७७ कलमाच्या कचाट्यातून सुटलं. मंगळवारी, शुक्रवारी चौंडकं अजूनही दारात येतं. आलं तर जोगवा घालाच, पण आधी नाव विचारा आणि बसायला सांगा.